सरांच्या यंत्राचा दांडा

सरांच्या घरात लोखंडाची कुठलीही वस्तू दुसऱ्या कशावर ठेवायची नाही, असा कायदा होता. कात्री कपड्यांवर राहिली, विळी परातीवर आडवी टेकवली, पाना वर्तमानपत्रावर पडला, की सर जिथे असतील तिथून उठून येत, ती वस्तू उचलत आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवत. बोलत काही नसत. त्यांच्या ओसरीची भिंत अशा खिळ्यांनी भरलेली होती आणि त्या खिळ्यांवर अडकित्ता, सांडशी, कुलपं, कात्र्या, एक मोडकी इस्त्रीसुद्धा लटकत असे. पहिल्यांदा येणाऱ्याला ते दुकान वाटायचं. दुकान खरं माझं होतं, त्यांच्याच घराच्या पुढच्या खोलीत.

आदिलाबादेत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत मी त्यांचा भाडेकरू होतो. फवारणीचे पंप, मिक्सर, उन्हाळ्यात कूलर, हे माझं काम. पदवी घेऊन चार वर्षं नोकरीची वाट पाहिली आणि मग हातात पक्कड घेतली. माझ्यासारख्याच्या खोलीत लोखंड कशावर पडणार नाही? पहिल्या महिन्यात सरांनी माझी निम्मी हत्यारं भिंतीवर नेऊन टांगली. मी चिडून म्हणालो, "सर, ही काय अंधश्रद्धा?" जन्मभर विज्ञान शिकवलेल्या माणसाला हे लागेल अशी माझी अपेक्षा होती. ते म्हणाले, "अंधश्रद्धा दुसऱ्यायची व्हती. मी थे निस्तरून राह्यलो." मला काही कळलं नाही. म्हातारा विक्षिप्त आहे, एवढं ठरवून मी कामाला लागलो.

मराठी माध्यमाच्या शाळेतून निवृत्त झाले तरी त्यांची मास्तरकी सुटली नव्हती. ते प्रत्येक गोष्टीला दहापैकी मार्क देत. चहाला, बस थांबवणाऱ्या ड्रायव्हरला, बुद्धविहारात भाषण करून गेलेल्या पाहुण्याला. "दहापैकी चार. आवाजाचे दोन, बसल्याचे दोन." माझ्या बायकोच्या ज्वारीच्या भाकरीला एकदा सात मिळाले, तर ती आठवडाभर शेजारणींना सांगत होती. आठाच्या वर मात्र ते कधी गेले नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "दहा म्हंजे त्याच्यात सुधारन्यासारखं काईच नाई. असं जगात काई अस्ते काय?" आणि समोरच्यानं काहीही विधान केलं की त्यांचा एक शब्द ठरलेला: "काऊन?" म्हणजे, का? भाजीवाली म्हणाली, वांगी ताजी आहेत, तर काऊन. डॉक्टर म्हणाला, मीठ कमी करा, तर काऊन. लग्न मात्र त्यांनी केलं नव्हतं, आणि काऊन, असं आपण विचारलं तर म्हणत, "अभ्यासक्रमात नव्हतं." हे सांगताना ते हसत नसत, म्हणून आपणही हसू शकत नसू.

आता यंत्राबद्दल. निवृत्त झाल्यावर सरांनी हैदराबादहून जमिनीतला धातू शोधायचं यंत्र मागवलं होतं. खाली ताटलीएवढी चकती, वर धरायची मूठ आणि बटणांची छोटी पेटी, मधे लांब दांडा. शेतातल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, उपटून झाल्या की, माघ-फाल्गुनापासून, सर ते यंत्र जुन्या चादरीत गुंडाळून स्कूटीला बांधत आणि तलमडुगुकडे त्यांच्या जन्मगावी जात. पेरणीपर्यंत हे चालायचं. दुपारी परत येत ते मातीनं भरलेले, पिशवीत गंजलेले नाल, फुटक्या बादलीच्या कड्या, नांगराचे तुकडे. तेही सगळं भिंतीवर. कोपऱ्यावरचा चहावाला त्यांना रोज विचारायचा, "सार, लंकेबिंदेलु दोरिकाया?" म्हणजे पुरलेल्या धनाचे हंडे सापडले का? सर शांतपणे "दोरकलेदु" म्हणत, नाही सापडले, आणि चहाला मार्क देऊन निघत.

गल्लीत सगळ्यांना वाटे की म्हातारा गुप्तधन शोधतो. खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटे.

मग एका एप्रिलमध्ये ते भर दुपारी आले आणि माझ्या दुकानाच्या पायरीवर बसले. हातात यंत्राचे दोन तुकडे होते. काळ्या मातीच्या भेगेत पाय जाऊन ते पडले होते आणि दांड्याचा खालचा, प्लास्टिकचा भाग चकतीच्या वर वीतभर अंतरावर मोडला होता. गुडघ्यातून रक्त येत होतं. त्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"दुरुस्त होईन का?"

"होईल की. नवाच भाग मागवू या ना, सर."

"नवा याले दीड महिना लागन. माह्यापाशी दीड महिनाच हाये."

मी फवारणीच्या पंपाची पितळी नळी काढली. मापात अगदी बरोबर बसत होती. चकती तिला बांधून यंत्र सुरू केलं, तर ते किंचाळायलाच लागलं, थांबेना. सर म्हणाले, "काऊन?" मला परीक्षेला उभं केल्यासारखं झालं. मग त्यांनीच सांगितलं, की चकतीच्या जवळ धातू आला की यंत्राला तोच ऐकू येतो, जमिनीतलं काही ऐकू येत नाही; म्हणून तर खालचा दांडा प्लास्टिकचा असतो. "तुह्या कानापाशी कोनी ताट वाजवलं, तर तुले दूरचं काय ऐकू येईन?"

त्या दिवशी मी विजेच्या वायरीची जाड प्लास्टिकची नळी कापली, ती वाकू नये म्हणून आत बांबूची कामटी ठोकली. सर उलट्या बादलीवर बसून पाहत होते. मी सहज विचारावं तसं विचारलं, "सर, एवढं काय शोधता?"

मला वाटलं, उत्तर टाळतील. पण त्यांनी धडा सांगावा तसं सांगून टाकलं.

"मी सहा वर्साचा असताना माही माय बाळंतपनात गेली. पोरगं आडवं आल्तं, थेही गेलं. बाळंतीन मेली का हडळ होते म्हने, घराकडे परत येते म्हने. म्हून तिले दाबून ठेवा लागते. अर्धा खड्डा भरला अन् गावातल्या एका बुढ्यानं वखराची पास आनून मायच्या उरावर आडवी टाकली. हातभर लांब लोखंडाचं पातं. बाप पाहत व्हता. काई बोलला नाई. बुढा मले म्हने, आता तू टाक एक मूठ. म्या टाकली. माती लोखंडावर पडल्याचा आवाज आला."

मी कामटी ठोकायचं थांबवलं होतं.

"त्याच साली आमच्या घरात बुद्धाची तसबीर लागली व्हती," सर म्हणाले. "देव काढले, पोथ्या काढल्या. अन् मायच्या उरावर लोखंड ठेवलं. परक्यायनं नाई ठेवलं, आपल्याच लोकायनं ठेवलं. माह्या बापानं ठेवू देल्लं. साठ वर्सं झाली, ती त्याच्याखाली हाये."

"मग तुम्ही..."

"हाडं नाई काढाची. माय जिथं हाये तिथंच राहू दे. लोखंड तेवढं काढाचं."

मी भिंतीकडे पाहिलं. कात्री, अडकित्ता, सांडशी. इतके दिवस मी सरांवर चिडत आलो होतो, त्याची मला लाज वाटली.

अडचण जागेची होती. गावाबाहेर नाल्याकाठी त्यांच्या लोकांची मूठमातीची जागा होती. तिच्यावर दगड नाही, खूण नाही. हळूहळू शेजारचं कापसाचं वावर तिच्यावर सरकत आलं. सरांना आठवत होतं ते एवढंच, की नाला जिथे वळतो तिथे एक सपाट खडक आहे, आणि त्या खडकावर त्यांना बसवून ठेवलं होतं. खडक होता, पण तो आता वावराच्या आत होता, आणि वावराचा मालक आत पाय टाकू देत नव्हता. म्हणून सर इतकी वर्षं नुसता बाहेरचा काठ शोधत आले होते. त्या वर्षी मालकानं परवानगी दिली, कारण नाल्यावर पूल होणार होता आणि वळणावरची सगळी जमीन भरावाखाली जाणार होती. एक उन्हाळा मिळाला, आणि नेमका तेव्हाच दांडा मोडला.

सरांची मोठी बहीण, आक्का, गावातच राहायची. सरांपेक्षा पाचसहा वर्षांनी मोठी. तिचं म्हणणं वेगळं होतं. माय पलीकडच्या काठाला होती, तो काठ एका पुरात नाल्यानं खाल्ला, आणि माय वाहत पैनगंगेला गेली. "सुटली ती," आक्का म्हणायची. सर म्हणत, "तू होती का तिथं? बायकायले नेलं नव्हतं. दहापैकी दोन." आक्काचं आणि त्यांचं भांडण एवढ्यापुरतंच होतं, आणि ते आयुष्यभर चाललं.

आता माझं काम सांगतो. पहिल्या दुरुस्तीनंतर चार दिवसांनी सर परत आले: कामटी नळीत फिरते, चकती वाकडी होते. मी बांबूची खुंटी मारून दिली. ती निसटली. पुन्हा आले, मी दुसरी मारली, तीही निसटली. तिसऱ्यांदा आले तो दिवस कूलरच्या गर्दीचा होता, दुकानात पाच माणसं घाम पुसत उभी होती. माझ्या हातानं सवयीनं डोकं छाटलेला एक बारका खिळा उचलला आणि नळीतून कामटीत आरपार ठोकला. वरून दोन गोळे मळून लावतात ती पुट्टी थापली. दांडा असा बसला की हलायचं नाव नाही. खिळा मारताना मला आठवलं नाही असं मी म्हणणार नाही. मला आठवलं होतं. पण नखाएवढा खिळा, तोही चकतीच्या वीतभर वर, त्यानं काय होतंय, असं मी मनाशी म्हटलं. यंत्र सुरू केलं तर ते दांडा हलला की हलकंसं कुरकुरत होतं. यंत्राचा कान कमीजास्त करायचं पेटीवरचं बटण मी मागे मागे फिरवत नेलं, कुरकुर थांबली. फरशीवर पाना ठेवून चकती त्याच्यावरून फिरवली. ते खणखणीत वाजलं. झालं.

सरांनी दांडा हातात घेऊन हलवून पाहिला, जमिनीवर रेटून पाहिला. सांध्यावरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे बघत म्हणाले, "दहापैकी दहा."

दुकानातले सगळे हसले. मीही हसलो. त्या क्षणी तोंड उघडायला हवं होतं. पण दहा मिळाले होते.

एका रविवारी मी त्यांच्याबरोबर वावरात गेलो. त्यांनी सगळ्या वळणावर सुतळ्या ताणून चौकोन पाडले होते आणि शाळेतल्या आलेखाच्या वहीत तसेच चौकोन आखले होते. खडकाला लागून चौकोन नंबर एक. सर कानाला हेडफोन लावून एकेक पाऊल टाकत, चकती जमिनीला घासत नेत होते, आणि चौकोन संपला की वहीत "नाही" लिहीत होते. ऊन मरणाचं होतं. वावराचा मालक, म्हातारा माणूस, बांधावर बसून पाहत होता. शेवटी तो म्हणाला, "सर, राहू द्या ना ते लोखंड. आमच्या लेकीसुना याच वावरात निंदाले येतात. उद्या काई झालं तं?"

सरांनी हेडफोन काढले. "काय होईन?"

"बाळंतीन हाये म्हंता. भेव वाटते मानसाले."

"ती माही माय व्हती. सहा वर्साच्या पोराले भेव नाई वाटलं तिचं, अन् तुमाले वाटते? दहापैकी शून्य."

म्हाताऱ्यानं आपल्या मडक्यातलं पाणी सरांना दिलं, आणि सर ते प्याले. कोणी कोणाचं ऐकलं नाही, पण त्याने परवानगी काही मागे घेतली नाही.

मृगाच्या तोंडावर सगळे चौकोन संपले. सरांनी नंबर एक पुन्हा चालून पाहिला, मग तिसऱ्यांदा. यंत्र वाजलं नाही. त्या संध्याकाळी ते माझ्या पायरीवर येऊन बसले, यंत्र मांडीवर आडवं घेऊन.

"आक्काचंच बरोबर दिसते," ते म्हणाले. "नाल्यानं नेलं तिले. सहा वर्साचं पोरगं, त्याच्या ध्यानाले काय धरता? मी साठ वर्सं चुकीचं उत्तर पाठ केलं."

"सर, यंत्र कधीकधी..."

"यंत्र बरोबर हाये. तूच तं बसवला दांडा."

खिळ्याचं सांगायची ती दुसरी वेळ होती. मी म्हटलं, "चहा घेता का?" त्यांनी घेतला. मार्क दिले नाहीत.

त्यानंतर सर फार बोलेनासे झाले. भाजीवालीनं वांगी ताजी म्हटली की ते मुकाट्यानं पिशवी पुढे करीत. एकदा मी विसरून माझी पक्कड त्यांच्या वर्तमानपत्रावर ठेवली. ते शेजारीच बसले होते. त्यांनी पक्कड पाहिली आणि खालून कागद ओढून घेऊन उरलेली बातमी वाचली. पक्कड तिथेच राहिली. मी ती स्वतः उचलून भिंतीवर टांगली, तरी त्यांनी वर पाहिलं नाही.

पावसाळा संपता संपता, एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या ते गेले. आक्का आली, रडली, पण फार नाही. विहारातल्या माणसांनी त्रिसरण म्हटलं. जाताना तिनं यंत्र आणि आलेखाची वही माझ्या हाती दिली. "तुह्या हातचं काम हाये यात," ती म्हणाली. "तूच ठेव."

मी ते चार महिने खोलीच्या कोपऱ्यात ठेवलं, तोंड भिंतीकडे करून. मग पऱ्हाट्या उपटायचे दिवस आले. पुलाचं काम नेहमीप्रमाणे लांबलं होतं, भराव अजून पडायचा होता, असं कोणीतरी दुकानात बोललं. त्या दुपारी मी पुट्टी छिनीनं फोडली. खिळा होता तसाच होता, थोडा गंजलेला. मी तो उपटला, बाभळीची खुंटी तासून तीन दिवस वाळवली, तिला तेल पाजलं आणि मग ती त्या जागी मारली. हे तीन दिवसांचं काम मला आधीही करता आलं असतं. मग बटण पुढे फिरवलं. कुरकुर नाही. फरशीवर तोच पाना ठेवला. पूर्वी चकती वीतभर वर नेली असती तरी आवाज गेला असता; मी तेव्हा वर नेऊन पाहिलंच नव्हतं. आता कमरेपर्यंत उचलली तरी पाना ऐकू येत होता.

मी तिथेच फरशीवर बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन मी वावरात गेलो. चौकोन नंबर एकमध्ये सरांच्या बारीक अक्षरात तीन वेळा "नाही" लिहिलेलं होतं. खडकापासून पाचव्या पावलाला यंत्र वाजलं. डावीकडे नेलं, वाजलं. उजवीकडे नेलं, वाजलं. हातभर लांबीचा आवाज होता.

वावराचा मालक बांधावरून उठून आला. मी कुदळ मागितली. त्यानं ती दिली आणि स्वतः दूर जाऊन पाठमोरा उभा राहिला. दीड हात खाली लोखंड लागलं. खापरासारखे पोपडे सुटलेली, मधे झिजलेली वखराची पास. ती मी हातांनी मोकळी केली आणि वर घेतली. तिच्याखाली मी काही उकरलं नाही, पाहिलंही नाही. माती परत लोटली, आणि शेवटची मूठ टाकली तेव्हा मातीवर माती पडली, आवाज आला नाही.

पास चादरीत गुंडाळून आक्काकडे गेलो. ती अंगणात तुरी पाखडत होती. मी चादर उघडली. तिला काही सांगावं लागलं नाही. सूप खाली ठेवून तिनं त्या लोखंडाला बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं.

"कुठं?"

"खडकापाशी. सर म्हणायचे तिथंच."

"म्हंजे वाहून नाई गेली." ती म्हणाली. "मी आपली म्हनत राह्यली, सुटली, सुटली. अन् ती इथंच व्हती." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तो बरोबर व्हता. आता त्याले कोन सांगते?"

तिसरी वेळ आली होती. मी खिशातून खिळा काढला, तिच्यासमोर धरला आणि सगळं सांगितलं. कूलरची गर्दी सांगितली, पुट्टी सांगितली, बटण मागे फिरवलेलं सांगितलं. पायरीवर चहा विचारला तेही सांगितलं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं खिळा हातात घेतला नाही. सूप पुन्हा मांडीवर ओढलं, पण पाखडलं नाही.

"त्या दिवशी तो इथं आल्ता," ती म्हणाली. "दांडा घेऊन, तुह्या दुकानातून सरळ इथंच. दारातूनच सांगे, आक्का, आज म्या एका मानसाले दहापैकी दहा देल्ले."